पुंजाने काट्या उपटल्या तो आठवडा

मला राग पटकन येतो, हे अख्ख्या पंचवटीला माहीत आहे. तीस वर्षं शाळेत पोरांचे कान पिळले, सवय जाते कुठे? पण पुंजावर चिडले तितकी मी कुणावर चिडले नाही, आणि त्याच्यामुळे खूश झाले तितकी कुणामुळे झाले नाही.

पुंजा आमच्या घरासमोरच्या नगरपालिकेच्या बागेचा माळी. मूळचा सायखेड्याचा, घरची भाजीपाल्याची शेती. त्र्याहत्तर साली बाग त्याच्या हाती आली आणि गड्याने अशी हिरवळ वाढवली की बघत राहावं! पण डोकं शेतकऱ्याचं. उभ्या पिकात पाय टाकलेला त्याला कसा चालेल? हिरवळीभोवती त्याने बाभळीच्या काट्या रोवल्या. लिंबाखालची गार सावली रोपांच्या कुंड्यांना दिली आणि बाकडी उन्हात टाकली. बाजारातल्या बायका दुपारी भाकरी सोडायला आल्या की हा काठी घेऊन त्यांच्या मागे. मी म्हणायचे, अरे मेल्या, हे गवत काय बाजारात विकणार आहेस? तो आपला हसायचा आणि पाणी घालत राहायचा.

मग ऐंशीच्या मार्चमध्ये, एका सोमवारी, कचेरीतून निरोप आला. या बागेत चिटपाखरू फिरकत नाही, असं कुणीतरी वर कळवलं होतं. शनिवारी साहेब पाहायला येणार, आणि बाग रिकामी दिसली तर जागा गोदामाला जाणार. पुंजा माझ्या ओट्यावर येऊन मटकन बसला. माझाही जीव तुटला, पण या जिभेला कोण आवरणार? म्हटलं, "तूच हाकललंस ना सगळ्यांना? आता तूच आण बोलावून."

आणि पठ्ठ्या उठला की! त्याच दुपारी काट्या उपटल्या, फाटकाची साखळी काढली, तिथे पाण्याचा रांजण मांडला. कुंड्या हलवून बाकडी लिंबाखाली ओढली. ती समोरासमोर ठेव, हा माझा हट्ट. माणसाला माणसाचं तोंड दिसायला नको का? मग बाजारात जाऊन त्याने बायकांना हात जोडून आमंत्रण दिलं.

मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारीही नाही. येतील कशा? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो.

गुरुवारी माझं डोकं सटकलं. सतरंजी आणि पिठलं-भाकरीचा डबा उचलला आणि भर हिरवळीच्या मध्यावर जाऊन ठाण मांडलं. पुंजाने डोळेच मिटून घेतले, बिचाऱ्याला बघवेना. कोथिंबीर विकणारी नवसाबाई फाटकाबाहेरून पाहत होती. तिने एक पाय आत टाकला आणि पुंजाकडे पाहिलं. पुंजाने रांजणातून तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.

शुक्रवारी नवसाबाईने भाजीवाल्यांची सगळी ओळच आणली! आणि शनिवारी, अहो काय सांगू! शाळेतून सुटलेल्या मुली, काठ्या टेकत आलेले म्हातारे, तान्ही पोरं घेतलेल्या आया, गवतावर उताणा घोरणारा एक हमाल. मी साठीची बाई, फाटकाशी टाचा उंचावून उभी होते.

साहेब आले. बगलेत फाईल. उन्हाने घामाघूम झालेले, बसायला जागा शोधू लागले, तर एक बाकडं रिकामं असेल तर शपथ! पुंजा घाबरून बायकांना उठवायला धावला. मी त्याचं मनगट घट्ट धरलं. नवसाबाई काही उठली नाही, नुसती सरकली.

"बसा सायेब," ती म्हणाली. "लय गार जागा हाय. भाकर खाता का?"

साहेब बसले. तिने त्यांच्या हातावर भाकरी आणि वर ठेचा ठेवला. फाईल मांडीवर तशीच मिटलेली, आणि साहेब अर्धा तास हलले नाहीत. जाताना पुंजाला एवढंच म्हणाले, "आणखी चार बाकडी मागवून घ्या. लागतील."

माझ्या डोळ्यांना धार लागली, लाज कसली त्यात! साहेब उठले त्या जागेवर नवसाबाईने हाताने थोपटलं आणि पुंजाला बोलावलं. तो अवघडला, इकडेतिकडे बघायला लागला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, सात वर्षांत हा माणूस आपल्या बागेत एकदाही बसला नव्हता.