एकदा भोगलेली शिक्षा

साठ सालच्या आसपास पुसदच्या कोर्टात मी नवा वकील होतो आणि मला लोकांना समजावून सांगायची भारी हौस. सनद मिळून वर्ष झालं नव्हतं. उथळ पाण्याला खळखळाट फार! जवळच्या तांड्यातल्या एका बंजारा शेतकऱ्याचं वकीलपत्र घेतलं, तेव्हा त्याच्या खाटेवर बसून मी सगळ्यांना ऐकवलं, "एका गुन्ह्याची शिक्षा माणसाला दोनदा होत नाही. घटनेतच लिहिलंय." तांड्याच्या पंचांचा प्रमुख असलेल्या नायकासकट साऱ्यांनी माना डोलावल्या. मी खूश.

बैल शेतात शिरल्याच्या भांडणात माझ्या अशिलाने शेजाऱ्याचा हात काठीने मोडला होता. साक्षीदार डळमळीत होते. गुन्हा नाकबूल केला, तर सुटायची आशा होती.

तारखेच्या दिवशी त्याची बायको कोर्टाच्या पायरीवर निवांत बसलेली. घाम मलाच फुटला होता.

"घाबरू नका," मी म्हणालो.

"भेव कायचा जी? त्यायची शिक्षा तं भोगून झाली."

"कोणती शिक्षा?"

"नायकानं देल्ली ते. सहा महिने तांड्याबाहेर राह्यलो आमी. कोनाचं पानी नाही, का इस्तव नाही. तुमीच तं सांगतलं, दोनदा होत नाही म्हनून."

घटनेतली शिक्षा म्हणजे कोर्टाने दिलेली, पंचांनी दिलेली नव्हे, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. धावत जाऊन मी अशिलाला गाठलं. "नाकबूल म्हण, नाहीतर तुरुंगात जाशील!"

त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे नायक बसला होता.

"त्यायच्यापुढं कबूल केलं मी. आता नाही कसं म्हनू? लबाड ठरीन. मंग मले तांड्यात कोन घेईन?"

तेवढ्यात पुकारा झाला.

"मारलं साहेब," तो पिंजऱ्यातून म्हणाला, "पन माही शिक्षा झाली."

मी उठून काय बोललो ते आठवत नाही. पंचांचा निवाडा कोर्ट मानत नाही, कबुली मात्र मानतं, असं न्यायाधीशांनी शांतपणे सांगितलं. सहा महिने सक्तमजुरी.

बाहेर त्याच्या बायकोनं मला विचारलं, "तांड्याबाहेरचे सहा महिने याच्यातून वजा होतीन न जी?"

मी खाली मान घालून कागद लावत राहिलो. शिपाई नवऱ्याला घेऊन गेला, तरी ती माझ्या उत्तरासाठी तिथेच उभी होती.