मनकर्णाबाईच्या घरचा उंदीर

मलकापुरात आमची गल्ली उतारावर होती आणि मनकर्णाबाईचं घर सगळ्यात खाली, नाल्याच्या काठाला. लोकांचं धान्य निवडून-पाखडून ती पोट भरायची. गाठीच्या तापाची, प्लेगची वर्षं होती ती. घरात उंदीर मरून पडला की माणसांची पाळी यायच्या आत घर सोडायचं आणि शेतात झोपड्या घालून राहायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण कचेरीत वर्दी दिल्याशिवाय गाव सोडायची दवंडी फिरत नसे, आणि वर्दी देणाऱ्याची धडगत नसे. सरकारी माणसं येत, त्याच्या छपराची कवेलू फोडून उतरवत, जमीन खणत, चुना टाकत आणि निघून जात.

आमची गल्ली शहाणी. ज्याच्याकडे उंदीर पडे, तो चिमट्यात धरून भिंतीवरून खालच्या शेजाऱ्याकडे टाकी. शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे. शेवटी मनकर्णाबाई तो नाल्यात टाकी. त्यामुळे सरकारदरबारी आमच्या गल्लीत उंदीर कधी मेलाच नाही. माणसं तेवढी मरत. एका साली तिचा नवरा मेला.

पुढच्या साली दिवाळीनंतर तिच्या अंगणात उंदीर पडला, तो तिने नाल्यात टाकला नाही. चिमट्यात धरून गल्ली चढायला लागली.

वहाब रंगाऱ्याच्या दारात थांबून म्हणाली, "हा तुमचा काय?"

"कसम खुदाची बाई, आमचा नाही." त्याच्या मागे त्याची बायको नसीमा गाठोडं बांधत होती.

वरच्या टोकाला जमीनदार रामराव. कोठ्या ज्वारीनं भरलेल्या. "आमच्या घरी उंदीर कुठून येईन वं?" ते रागावून म्हणाले आणि त्यांनी गड्याला बैल जुंपायला सांगितलं.

उंदीर कोणाचाच नव्हता. घर मात्र सगळ्यांनी सोडायला घेतलं.

उरलेल्या गावाला कोण सांगणार? ती कचेरीत गेली.

"कोणत्या घरचा?" कारकुनाने विचारलं.

"गल्लीचा."

"गल्लीले छप्पर असते काय? घर सांग."

तिचं छप्पर नवऱ्याने जाण्याआधी स्वतःच्या हाताने शाकारलं होतं. त्याचं तेवढंच तिच्याकडे उरलं होतं.

"लिहा, माह्या घरचा," ती म्हणाली.

छप्पर उतरलं, दवंडी फिरली, गाव शेतात गेलं. होळीपर्यंत आम्ही झोपड्यांत राहिलो, कंटाळलो, भांडलो, एकमेकांची वांगी चोरली. गल्लीतलं एकही माणूस दगावलं नाही.

परतलो तर आमची घरं जशीच्या तशी. मनकर्णाबाई उघड्या आभाळाखाली सूप घेऊन बसलेली. रामरावांच्या बायकोने, रुक्मिणीबाईने, नातवाला तिच्या दारातून ओढलं. "तिथं जाऊ नोको बे. त्याच घरातून रोग आला व्हता."

मला अजूनही हे आठवलं की संताप येतो. मनकर्णाबाई चिडली नाही. सूप खाली ठेवून तिने पोराकडे नीट पाहिलं.

"हाव बाई, माह्याच घरातून आला," ती म्हणाली. "पन वाचला ना तुमचा नातू? माहा मानूस नाही वाचला."