ती खरखर नव्हती

आबांचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. मुलींचं टायट्रेशन चाललं होतं. आबा, म्हणजे आमचे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. माझ्या कामाच्या वेळी ते कधी फोन करत नाहीत. "सुमे, अभ्या पडलाय बग ठेसनात. हाका मारतोय, उठंना गं..." आवाज अगदी शांत होता. मी मुलींना तसंच सोडून निघाले. माझा धाकटा भाऊ अभिजित रजा संपवून कामावर परत निघाला होता आणि आबा त्याला आष्ट्याहून कराडला गाडीत बसवून द्यायला गेले होते. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, रक्तदाब बरेच दिवस चढलेला असणार, असं तिथले डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारा जो तो म्हणतो, अचानक गेला. मला त्या शब्दाचा राग येतो.

अभिजित प्लाझ्माचं संशोधन करायचा. पीएचडी झाल्यावर परराज्यातल्या एका संस्थेत पोस्टडॉक म्हणून लागला होता. "डाक्टर झालास न्हवं? मग आजून शिकतोयस कशाला?" हा आबांचा दर दिवाळीचा प्रश्न. एकदा अंगणात बसून त्यानं आबांना नीट समजावलं. वायू इतका तापवायचा की सूर्याच्या पोटात जे चालतं ते इथं चालावं, आणि त्यातून वीज काढायची. पण इतकं तापलेलं ठेवणार कशात? म्हणून कड्याच्या आकाराच्या भांड्यात, चुंबकांच्या जोरावर, ते अधांतरी धरून ठेवायचं. "म्हंजी सूर्य डब्यात भरायचा," आबा म्हणाले.

"व्हय आबा. फकस्त डब्याला लागू द्यायचा न्हाई."

"आन लागला तर?"

"सूर्य इझतो आन डबा बाद."



खरं भांडं अभिजितनं एकदाच, काचेपलीकडून पाहिलं होतं. त्याचा सगळा कारभार संगणकावर. गणित मोठ्या संगणकाच्या रांगेत टाकायचं, नंबर लागायची वाट बघायची, मग ते दिवसचे दिवस चालायचं. त्याला एकच गोष्ट हवी होती... प्लाझ्मा भिंतीवर आदळण्याआधी काही इशारा देतो का, आणि तो वेळेत ओळखता येतो का. अडचण अशी की गणितात मध्येच बारीक उसळ्या यायच्या आणि त्या वाढत गेल्या की गणितच फुटायचं, म्हणजे आकडे बेताल होऊन बंद पडायचं. म्हणून त्यांच्या गटाची रीत ठरलेली: उसळ्या म्हणजे खरखर, ती गाळून टाकायची, रेघ गुळगुळीत करून घ्यायची. सुरुवातीचा भाग तर धरायचाच नाही, कारण गणिताला स्थिरावायला वेळ लागतो. यात लबाडी काही नव्हती. अभिजितही वर्षानुवर्षं तेच करत आला आणि ती सवय त्याच्या हाडीमाशी खिळली.

मागच्या वर्षी डोकं दुखतं म्हणाला, म्हणून मीच त्याला सांगलीत डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब जास्त निघाला. डॉक्टर म्हणाले, घरी यंत्र घ्या, सकाळ-संध्याकाळ मोजा, मग गोळीचं ठरवू. अभिजितसाहेबांनी इमानेइतबारे मोजलं आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे लॅपटॉप उघडून एक देखणा आलेख ठेवला. डॉक्टर खूश. "छान आहे की! गोळीची घाई नको." बाहेर उसाचा रस पिताना हा हसत म्हणाला, "ताई, सुरुवातीचे काही दिवस मी धरलेच नाहीत. आणि मध्ये मध्ये आकडा भलताच वर जायचा. पट्टा नीट बसला नसणार. ती खरखर काढून टाकली."

"अरे शहाण्या, हे डॉक्टरांना सांगितलंस का?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? सरासरी बघ ना."

मी तिथंच भांडले, परत आत चल म्हणून हात धरून ओढलं. लोक बघायला लागले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हेही ऐकवून झालं. हा गाडीला किक मारून मोकळा! आता ती म्हण आठवली तरी तोंड कडू होतं.

या शेवटच्या रजेत तो गप्पगप्प होता. जेवता जेवता थांबून कपाळ चोळायचा. मी गोळीचं काढलं की जागरणावर ढकलायचा. एका दुपारी आपणहून म्हणाला, "ताई, मला भीती वाटायला लागलीय. आम्ही खरखर म्हणून जे पुसतो ना... तोच इशारा असला तर? इतकी वर्षं आम्ही नेमका तेवढाच पुसत आलो असलो तर?" त्यानं एक गणित गाळणी न लावता रांगेत टाकलं होतं, अगदी बारीक पावलांनी चालणारं, म्हणजे फुटणार नाही. वरिष्ठ नाराज होते, करार संपत आला होता, आणि हे गणित वाया गेलं तर पुढचा करार मिळणार नव्हता. हे सगळं तो प्लाझ्माबद्दल बोलत होता, आणि बोलताना एका हातानं कपाळ दाबून धरलं होतं.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली. अभिजितचा फोन आबांनी बंद करू दिला नाही. त्याच्या खोलीच्या खिडकीत तो वायरीला लावलेला असतो आणि आबा उठल्या उठल्या आधी त्याचं चार्जिंग बघतात. परवा मी आष्ट्याला गेले असताना तो वाजला. संस्थेच्या संगणकाचा निरोप होता: गणित पूर्ण झालं. ज्यानं काम सांगितलं तो माणूस उरला नाही, हे त्या यंत्राला कोण सांगणार... मी त्याची सहकारी मृणाल हिला कळवलं. संध्याकाळी तिचा फोन आला. रडत होती. "ताई, फुटलं नाही गणित. अभिजितचं बरोबर होतं. भिंतीला लागायच्या कितीतरी आधीपासून इशारा दिसतोय. आम्हीच पुसत होतो."

आबा दारात उभे होते. "काय म्हनली गं?" मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोन उचलला, चार्जिंग बघितलं, वायर पुन्हा खोचली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आन अभ्याचं? त्ये बी आधी दिसत हुतं?"

मला तोंड उघडता आलं नाही. नाही म्हटलं असतं तर त्यांना शांत झोप लागली असती. पण या घरात आणखी काही पुसायची मला भीती वाटते. आबा वर्तमानपत्राची ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, म्हणून इथं लिहिते.

व्हय आबा. दिसत हुतं.