किल्ली ताईच्या हातात

किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून एकच कोरडा आवाज आला, टक. पुन्हा फिरवली, पुन्हा तोच. वाळलेली काडी मोडावी तसा बारीक आणि परका. त्यानंतर पसरलेली शांतता अल्लीपूरच्या त्या चैत्रातल्या उन्हासारखीच निश्चल होती. अंगणातल्या कडुनिंबाची सावली आकसून बुंध्याशी गेली होती. मागच्या सीटवर ताईचे कपडे, औषधांचा डबा आणि टेबलफॅन रचून ठेवले होते, आणि ताई दाराला कुलूप लावून, काठी टेकत पायरीवर उभी होती.

ताई माझी थोरली बहीण. जन्मभर याच गावच्या शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावरही इथंच राहिली. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली, पुढं दिवाळीच्या सुमारास स्वयंपाकघरात. दुसऱ्या वेळी शेजारणीला कळेपर्यंत तशीच गार फरशीवर पडून होती. तेव्हापासून मी सुट्टी मिळेल तशी वर्ध्याहून यायची, तिच्या गोळ्या लावून ठेवायची, आणि निघताना तोच विषय काढायची: वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेला माझ्याकडं राहायला चल. त्याआधीची वर्षं यजमानांच्या आजारपणात सरली होती. थकवा झोपेनं जातो म्हणतात. पण ज्यानं वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या श्वासाकडं कान लावून रात्री काढल्या, त्याच्या झोपेत विसावा तरी कुठून यावा? आणि विसाव्याचीच ओळख पुसली गेली, तर तो आपण मागणार तरी कुणापाशी?

बॅटरी नवी होती, मागच्याच महिन्यात बसवलेली. तरी मी बॉनेट उघडलं. तिच्या टोकांवरच्या पट्ट्या हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. हॉर्न खणखणीत वाजला. मग दिवे लावले आणि ताईला समोरून पाहायला सांगून किल्ली फिरवली.

"दिवे मंद झाले का, ताई?"

"नाई. होते तसेच आहेत."

बॅटरी दुबळी असती तर दिवे त्या क्षणी विझू विझू झाले असते. म्हणजे वीज होती, पण इंजिनाला पहिला हिसका देणाऱ्या स्टार्टरपाशी येऊन अडली होती. हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. यजमान असताना एकदा सेलूच्या रस्त्यावर असंच झालं होतं. त्यांनी लोखंडी पान्यानं स्टार्टरवर हलके ठोके दिले होते आणि मी आत बसून किल्ली फिरवली होती. आता ठोकायचं काम माझ्याकडं आलं होतं. किल्लीपाशी कोण बसणार? गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

गिअर न्यूट्रलला ठेवला, हँडब्रेक ओढला, आणि ताईला हळूच चालकाच्या जागेवर बसवलं. त्या जागेवर ती उभ्या जन्मात बसली नव्हती.

"मी फिरव म्हणलं की फिरवजो. बाकी कशाले हात लावू नको."

"बरं."

मी वाकून पाना आत घातला. धातू इतका तापला होता की मनगट भाजलं. ठोके दिले.

"फिरव."

काहीच नाही. टकसुद्धा नाही. आता किल्लीचाही दोष निघाला की काय? पुन्हा ठोकलं, पुन्हा हाक दिली. मग मान वर काढून काचेतून पाहिलं. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते. तिनं किल्लीला स्पर्शही केला नव्हता.

मी पाना खाली ठेवला आणि तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. रागवायचं होतं, पण रागालाही अंगात थोडं त्राण लागतं. समोर दाराला तिनं लावलेलं कुलूप दिसत होतं. ज्या घराचा दरवाजा आपण लावला, त्याच्यापासून दूर नेणारी किल्ली आपल्याच हातानं फिरवायची! किती सहज मी तिच्याकडं हे मागितलं होतं.

"नसन यायचं तर नको येऊ, ताई," मी म्हणाले. "मी येत जाईन. आजपर्यंत आली तशी."

ती माझ्याकडं वळली. शाळेत मुलाच्या कपाळाला हात लावून ताप पाहावा तसा तिनं माझ्या गालाला हात लावला.

"आरशात पाह्यलं का स्वतःले? कशी होऊन गेली तू. मी इथं पडीन म्हणून तू तिथं जागीच राहतेस ना?"

माझे डोळे भरून आले, आणि ते पुसायचाही मला कंटाळा आला.

"मले वाटलं, तुले माह्यी काळजी घ्यायची हाय," ती म्हणाली. "हे उलटं हाय. तुलेच कोणीतरी पाहिजे घरात. हे आधी काऊन नाई सांगितलं? मी कधीचीच आली असती. जाय, ठोक."

मी गेले, ठोकलं. या खेपेला हाक द्यायचीही वेळ आली नाही. एक खरखर उठली, अंगणातली पाखरं उडाली, आणि इंजिन सुरू झालं. आता ते बंद करण्याची सोय नव्हती, आणि ताईला उतरून दुसऱ्या बाजूला जायचं होतं. माझा हात तिनं नाकारला. गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर तळवा टेकत, आपल्या चालीनं, तिनं वळसा पूर्ण केला. मी थांबले. कुणाची वाट पाहणं इतकं हलकं असू शकतं, हे मी विसरून गेले होते.

त्याच आठवड्यात वर्ध्यात स्टार्टर बदलून घेतला. गाडी घरी आणली तेव्हा ताई फाटकाशी खुर्ची टाकून बसली होती.

"आता केव्हाही सुरू होईन ना हे?"

"हो."

"मंग रविवारी अल्लीपूरले चाल. घडीभर बसू, घर झाडू, अन् वापस येऊ."

वापस म्हणताना तिनं माझ्या दाराकडं पाहिलं होतं.