तात्यांचा उतरलेला खांदा

तात्या म्हणजे माझे चुलते. पाटोदा तालुक्यात कुठंही लग्न असलं की फेटे बांधायला तेच. माझी फिजिओथेरपीची डिग्री त्याच फेट्यांवर झाली. आमच्या घरात माझ्याआधी बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. म्हणून त्यांच्या हातांची चेष्टा मी कधी केली नाही. खांद्याची मात्र सगळ्या गावानं केली.

मानेवरची गाठ काढून आल्यावर तात्यांचा उजवा खांदा खाली उतरला. चालताना डावा वर, उजवा खाली. आमच्याकडं असं एक खांदा चढवून फक्त पुढारी चालतात, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. गावानं अर्थ काढला. सरपंच सकाळीच दारात.

"कावून तात्या, आमचं काय चुकलं? उभं राहायलात म्हणं."

"आवो, हात डोक्याच्या वर जाईना माझा, आन् तुमी खुर्चीचं काय घेऊन बसलात!"

सरपंचांना पटलं नाही. जाताना म्हणाले, "लई मुरलेले हायत तुमी."

गावाला निवडणूक दिसत होती, तात्यांना लग्नसराई. हात खांद्याच्या वर जात नाही आणि उभ्या माणसाला फेटा बांधायचा, हे जमणार कसं? तालमीतल्या वस्तादांनी दोन आठवडे तेल चोळलं. खांदा चकचकीत झाला, वर आला नाही.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो. सुट्टीत घरी आलो आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "तात्या, दोन्ही खांदे कानाकडं उचला."

"कावून?"

"नळाला पाणी कधी येणार विचारलं की ग्रामसेवक खांदे उडवतो ना, तसं."

तात्यांनी हुबेहूब ग्रामसेवक केला, पण अर्धाच. डावा खांदा वर गेला, उजवा नुसता थरथरला. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांच्या जोड्यांपैकी अकरावी मानेतून खांद्याच्या मोठ्या स्नायूला जाते. गाठ काढताना तिला मार बसला असणार. पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं अंगणात पाहून मला आनंद झाला. पुढच्याच क्षणी स्वतःची लाज वाटली.

"हसायलास काय? पास झालो का मी?" तात्यांनी विचारलं.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी नसेची तपासणी केली. नस तुटलेली नव्हती, दुखावली होती. सुधारेल, पण कित्येक महिने लागतील, म्हणाले. लग्नं थोडीच थांबणार होती! मी व्यायाम लावून दिले आणि एक युक्ती सांगितली: हात वर जात नाही, तर डोकं खाली आणायचं. लाकडी पाटावर बसवूनच फेटा बांधायचा.

उमापूरच्या लग्नात नवरदेव मुकाट्यानं पाटावर बसला. त्याच्यामागं आमच्या भागातले बडे साहेब उभे होते. हे फेटा उभ्यानंच बांधून घेतात, कारण फोटो तसाच चांगला येतो.

"मी? खाली?"

"बसा साहेब," तात्या म्हणाले. "माझी नस आजून कामावर आली न्हाई."

साहेब बसले. पोट मांडीत आलं, गुडघे छातीला टेकले. तात्यांचे हात खांद्याच्या खालीच सराईत फिरत राहिले आणि तुरा झोकात उभा राहिला. साहेबांना उठवायला दोन कार्यकर्ते लागले. ते पाहून रांगेतली बाकीची मंडळी न सांगताच सतरंजीवर बसली. तात्यांनी पुढचा फेटा झटकला, आणि अक्षता पडायच्या आत सगळं वऱ्हाड बांधून संपवलं.