माझ्या मोजणीच्या वेळी

भोरला एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत मी आणि माझा थोरला चुलतभाऊ एकत्र काम करायचो. पुण्याच्या एका कंपनीला एकाच कामासाठी दोन प्रोग्राम लिहून, त्यातला वेगवान कोणता ते मोजून हवं होतं. एक त्यानं लिहिला, एक मी. मशीन एकच, त्यानं आणलेलं. दोन्ही प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या बंद कप्प्यात चालायचे.

माझा प्रोग्राम कायम मागे पडायचा. कंपनीबरोबरच्या मीटिंगमध्ये दादा माझ्यासमोरच म्हणाला, "तिचं जरा हळूच असतं. लई विचार करती." सगळे हसले. त्या हसण्याचा राग अजून माझ्या अंगात आहे.

भातलावणीला तो हिर्डोशीला गेला, तेव्हा मी एकटीनं मोजणी केली. माझा प्रोग्राम सुसाट पळाला. तो परतला आणि माझा प्रोग्राम पुन्हा रखडला. म्हणून मशीनवर काय काय चालू आहे ते पाहिलं. दादा भोरमध्ये असला की माझ्या मोजणीच्या वेळी त्याचा कंटेनर शेजारी चालूच असायचा. त्याला मेमरीची मर्यादाच घातलेली नव्हती. सगळी तोच गिळत होता.

मी दोन्ही कंटेनरना सारखीच मर्यादा घातली, प्रोसेसरही वाटून दिला. पुढच्या मोजणीत दादाच्या प्रोग्रामनं मर्यादा ओलांडली आणि सिस्टमनं तो बंद पाडला.

"माझं कुनी बंद पाडलं?"

"जास्त मेमरी मागितली म्हणून पडलं. मर्यादा मी घातली, दोघांनाही एकच."

"मला न इचारता?"

"माझ्या वेळी तुझं चालू ठेवताना तू मला विचारलं होतंस?"

तो खुर्चीतून उठला नाही. "मशीन म्या आनलंय. माझं कायबी चालंल त्याच्यावर."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. तोवर मला वाटत होतं, नजरचुकीनं राहिलं असेल. मी दोन्ही मोजण्या, आधीची आणि नंतरची, त्याच्यासमोरच कंपनीला पाठवल्या. त्यानं लगेच माझं लॉगिन काढून टाकलं.

कंपनीनं माझा प्रोग्राम घेतला. दादानं भावकीत सांगितलं, बहिणीनं भावाचं काम हिसकावलं. आंबवड्याच्या एका लग्नात काकूनं मला पाहून तोंड फिरवलं. आई म्हणाली, "तू लहान हायेस, जाऊन बोल की."

मी गेले नाही. आता घरूनच काम करते, स्वतःच्या मशीनवर. बाजारात दादा दिसला तर मी रस्ता बदलत नाही, तोच बदलतो.