सातव्या ग्रीनवरचे अनवाणी पाय

दत्तूकाका हिरवळीवर पाऊल ठेवण्याआधी चपला बाहेर काढत, देवळात शिरताना काढतात तशा. नव्वदीच्या दशकात बडोद्याजवळ एका शेठने गोल्फचे मैदान काढले होते. समोर पावागड, पायथ्याशी तळे, भोवती गर्द झाडी. मी तिथला व्यवस्थापक आणि काका मुख्य माळी. त्यांचे वडील संस्थानच्या बागेत होते, त्यामुळे हाताखालच्या माणसांवर आणि माझ्यावरही त्यांचा दरारा असे.

चेंडू ज्या भोकात घालायचा, त्याभोवतीच्या मऊ हिरवळीला ग्रीन म्हणतात. काका सकाळी अठराही ग्रीनवर अनवाणी फिरून येत आणि मगच कुठे किती पाणी सोडायचे ते ठरवत.

मी एकदा चिडवले, "काका, तळपायाला डोळे आहेत की काय?"

"डोळे फसतात, साहेब. वरून सुकं दिसतं नि खाली चिखल असतो. तळपायाला कोण फसवणार?"

पुढे मुंबईहून एक तज्ज्ञ आले आणि घड्याळावर चालणारे फवारे बसले. सगळ्या ग्रीनना सारखेच पाणी. काका थेट शेठसमोर उभे राहिले. "सातव्याला पाणी नको हं. त्याला खालून तळं पाजतंय. भरल्या पोटी कोण जेवतं?"

तज्ज्ञ हसले. शेठने वळून माझे मत विचारले, "बोलो साहेब, तमारुं शुं केवुं छे?"

काकांचे खरे आहे, हे मला ठाऊक होते. पण फवाऱ्यांच्या मागणीवर सही माझीच होती. मी म्हणालो, "मशीन बराबर छे, शेठ."

काकांना बूट देऊन फाटकावर राखणीला बसवले. दोन दिवसांनी ते बूट माझ्या टेबलाखाली नीट ठेवून त्यांनी निरोप घेतला. "फाटकावर गवत नाही, साहेब. आवजो."

पावसाळा सरायच्या आत सातवे ग्रीन कुजले. सगळे उपटून नवे लावावे लागले. शेठने खापर हवेवर फोडले आणि मी ते फोडू दिले.

काका पादरा गावात मुलाकडे राहतात असे कळले, तेव्हा माफी मागायचीच असे ठरवून मी गेलो. ते फार खंगले होते. सून चहा ठेवून आत गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच विचारले, "सातवं कसं आहे?"

मी भ्याडच. "मस्त आहे, काका. तुम्ही उगाच काळजी करत होतात."

त्यांनी आपल्या पावलांकडे पाहिले. मग म्हणाले, "असं? म्हणजे पाय चुकले माझे."

मला पोचवायला ते अंगणातल्या कडुनिंबापर्यंत आले. वाटेत थोडी हिरवळ होती. काका तिच्यावरून चपला घालून चालले.

पुढच्या महिन्यात जाऊन खरे सांगीन, असे मी घोकत राहिलो. काका तेवढे थांबले नाहीत.